जे लिहून ठेवलेले नाही, ते एजंटच्या हाती देऊ नये

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला किती पाऊस पडला? मुंबईकरांना उत्तर तोंडपाठ असते: ९४४ मिलिमीटर. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतानुसार मात्र हा आकडा २६ तारखेचा नाही, २७ तारखेचा आहे. विभागाचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि त्या क्षणापर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. २६ च्या दुपारी शहर बुडाले. तो पाऊस २७ च्या ओळीत गेला. हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे लवकरच कळते, कारण कोणीतरी ते त्याला सांगते.

आता असे समजा की एखाद्या संस्थेने या नोंदींवर एक छोटे साधन बेतले आहे. त्याला ठिकाण आणि तारीख दिली की पाऊस मिळतो. साधनाच्या वर्णनात एकच वाक्य आहे: 'दिलेल्या दिवसाचा पाऊस सांगते.' हे साधन एका एआय एजंटच्या हाती दिले जाते. एजंट २६ ही तारीख देईल, २६ च्या ओळीतला आकडा उचलेल आणि महापुराच्या दिवशी मुंबईत विशेष पाऊस नव्हता असे शांतपणे लिहून मोकळा होईल. यात मॉडेलने काहीही कल्पून सांगितलेले नाही. साधनाने जे सांगितले, त्यावर त्याने विश्वास ठेवला. तरीही दोष मॉडेलच्या माथी मारला जाईल, 'एआय भ्रमिष्टासारखे बोलते' म्हणून दोन दिवस हसे होईल, आणि ते एक ओळीचे वर्णन होते तसेच राहील.

देशातील विज्ञानसंस्थांमध्ये आज एजंटांविषयी जे उत्साहाचे वारे आहे, त्यात या एका ओळीची चर्चा जवळपास नाही. मॉडेल कोणते, जीपीयू किती, मॉडेल स्वदेशी की परदेशी, यांवर परिसंवाद होतात. साधनाचे वर्णन कोणी लिहिले, ते कोणी तपासले, आणि एजंटने ते साधन दहा वेळा वापरले तर किती वेळा उत्तर बरोबर आले, हे प्रश्न 'तांत्रिक तपशील' म्हणून बाजूला सारले जातात. हे प्रश्न तपशिलाचे मुळीच नाहीत. जोवर ही दोन कामे, म्हणजे साधनांचे लेखन आणि त्यांचे मूल्यमापन, होत नाहीत, तोवर सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला आपली साधने 'एआय-सज्ज' म्हणवण्याचा अधिकार नसावा.

एजंटला साधन कसे दिसते, हे आधी स्पष्ट असायला हवे. भाषिक मॉडेलला सॉफ्टवेअर 'दिसत' नाही. त्याला मजकूर दिसतो: साधनाचे नाव, त्याचे वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, याच तीन गोष्टींवर उभा आहे, आणि इतर पद्धतीही मुळात याच मार्गाने जातात. माणूस पुस्तिका न वाचता साधन वापरतो, अडला की शेजारच्याला विचारतो, उत्तर विचित्र वाटले की थांबतो. एजंटसाठी ते वर्णन हीच पुस्तिका, तोच शेजारी आणि तीच शंका. त्यात जे नाही ते त्याच्या जगातच नाही.

आणि भारतीय विज्ञानात जे वर्णनात नाही, ते फार आहे. हवामान विभागाच्या जाळीबद्ध दैनिक तापमानात जिथे नोंद नाही तिथे ९९.९ लिहिलेले असते, आणि पावसाच्या जाळीत उणे ९९९. विभाग हे सांगतो; आकड्यांसोबतच्या माहितीत ते नमूद असते. पण कोणी मधल्यामध्ये साधन रचून ती माहिती गाळली की एजंटच्या हाती उरतात केवळ आकडे. ९९.९ अंश सेल्सिअस कमाल तापमान पाहून एखादे चांगले मॉडेल निदान चमकेल. पण अशा दोनचार जागा मोठ्या सरासरीत मिसळल्या तर उत्तर एखाद्या अंशाने सरकते, आणि एका अंशाने कोणी चमकत नाही. साडेआठचा दिवस तर त्याहून घातक, कारण त्यात विचित्र दिसणारे काहीच नसते. उपग्रहांवरून मिळणाऱ्या आयमर्ग या पर्जन्यमालिकेचा दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र, तोही जागतिक प्रमाणवेळेनुसार. दोन्ही मालिका एकाच तारखेवर जुळवल्या की सहसंबंध घसरतो, आणि उपग्रहाचा अंदाज भारतात चुकतो असा एक रुबाबदार निष्कर्ष हाती येतो. त्यावर प्रबंधाचे एक प्रकरणही उभे राहू शकते.

खगोलशास्त्रात हेच घड्याळाबाबत घडते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींत काळ सेकंदांत असतो, आणि ते सेकंद १ जानेवारी २०१० पासून मोजलेले असतात. फर्मी या अमेरिकी गॅमा किरण दुर्बिणीचे सेकंद १ जानेवारी २००१ पासूनचे. दोहोंत ३,२८७ दिवसांचे अंतर, शिवाय लीप सेकंदांचा हिशेब निराळा. फाइलच्या शीर्षभागात आरंभबिंदू लिहिलेला असतो, म्हणून फाइल उघडणाऱ्या माणसाची सुटका होते. परंतु 'स्फोटाची वेळ सेकंदांत देते' एवढेच सांगणारे साधन तो शीर्षभाग एजंटपर्यंत पोहोचूच देत नाही. नऊ वर्षांची चूक कोणीही पकडेल. दोनतीन सेकंदांची पकडणार नाही, आणि गॅमा किरण स्फोटांच्या अभ्यासात दोन सेकंद म्हणजे लघुस्फोट आणि दीर्घस्फोट यांमधली सीमारेषा.

खोडदच्या जीएमआरटीची निरीक्षणे घेतली तर प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. रेडिओ स्रोताची तीव्रता ठरवताना प्रमाण स्रोतांच्या कोणत्या मापश्रेणीचा आधार घेतला, हे सांगावे लागते. कासा या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा अनेक श्रेणींचे पर्याय आहेत. कमी वारंवारितेला त्यांची उत्तरे तंतोतंत एक नसतात. एजंट एक श्रेणी निवडेल, बहुधा जी आपोआप निवडलेली असते तीच. प्रतिमा तितकीच सुंदर येईल. तीव्रतेचा आकडा मात्र काही टक्क्यांनी हललेला असेल, आणि तो दुसऱ्या दुर्बिणीच्या आकड्याशेजारी ठेवून वर्णपटाचा उतार काढला की त्या काही टक्क्यांचे भौतिकशास्त्र बनेल. कोणती श्रेणी केव्हा योग्य, हे पुण्यातल्या, बंगळुरूतल्या, मोहालीतल्या अनेक लोकांना नेमके ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की ते कुठे लिहिले आहे.

'वरिष्ठांना विचार' हीच भारतीय प्रयोगशाळांतील सर्वाधिक वापरली जाणारी पुस्तिका आहे. ती अनेकदा उत्तम असते, प्रेमळही असते. पण ती ज्या खोलीत वरिष्ठ आहेत त्याच खोलीत उघडते. ज्या राज्य विद्यापीठातील विद्यार्थिनीच्या विभागात ॲस्ट्रोसॅटवर काम केलेले कोणी नाही, तिच्यासाठी तो विदासंच कागदावर खुला आणि प्रत्यक्षात बंद असतो. एजंटांचे खरे आकर्षण इथेच आहे: चांगल्या वर्णनांनी युक्त साधने आणि एक सामान्य एजंट मिळाला तर मोठ्या संस्थेतील वरिष्ठाचे निम्मे काम तिच्या टेबलावर येऊ शकते. वर्णने निकृष्ट असतील तर उलटे घडते. मोठ्या संस्थेतील विद्यार्थ्याला चुकीचे उत्तर आले की कोणीतरी कॉफीच्या वेळी 'अरे, तो साडेआठचा दिवस' म्हणून सावध करते. हिला सावध करणारे कोणी नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने ही साधने खुली केली जातात, त्यांच्याच वाट्याला चुका येतात.

यावर खर्च किती होतो ते पाहू. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय मिशनची तरतूद १०,३०० कोटी रुपयांहून अधिक आहे. त्याच्या सात स्तंभांत संगणनक्षमता आहे, विदासंच आहेत, कौशल्ये आहेत, नवउद्योगांचा निधी आहे. त्याआधी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनसाठी ४,५०० कोटी रुपये ठरले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन परम रुद्र यंत्रांचे उद्घाटन झाले. त्यांचा खर्च सुमारे १३० कोटी. यंत्रे हवीत, याबद्दल वाद नाही. परंतु त्या सात स्तंभांत साधनांच्या लेखनाचे नाव नाही, आणि देशातील क्वचितच एखाद्या संशोधन-प्रस्तावात 'सॉफ्टवेअरची पुस्तिका लिहिणे व तपासणे' अशी स्वतंत्र ओळ असते. यंत्राला फीत असते आणि ती कापायला मंत्री येतात. पुस्तिकेला फीत नसते.

आता दुसरे काम, मूल्यमापन. यात तर चित्र अधिक निराशाजनक आहे.

एजंटाधारित साधनांचे प्रात्यक्षिक ठरलेल्या साच्यात होते: प्रश्न टाइप होतो, एजंट साधन बोलावतो, आलेख पडद्यावर येतो, टाळ्या पडतात. एक प्रश्न, एक वेळ. भौतिकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात लंबकाचा आवर्तकाल एकदाच मोजून वही दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवतात. एजंट हा तर स्वभावतः यादृच्छिक आहे. तोच प्रश्न, तेच साधन, आणि उत्तर वेगळे. २०२४ मधील टाऊ-बेंच या कसोटीने हे मोजून दाखवले. त्या वेळच्या अग्रगण्य मॉडेलला एकूण निम्म्याहून कमी कामे साधली, आणि किरकोळ विक्रीच्या विभागात तेच काम आठ वेळा देऊन आठही वेळा यश मिळण्याचे प्रमाण २५ टक्क्यांच्याही खाली आले. मॉडेल तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत, पण गणित सुधारलेले नाही: प्रत्येक खेपेला ९० टक्के यश असलेले साधन सलग आठ खेपा बरोबर चालण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के. आणि वीस पायऱ्यांच्या विश्लेषणात प्रत्येक पायरी ९५ टक्के भरवशाची असली, तरी शेवटपर्यंत निर्दोष पोहोचण्याची शक्यता ३६ टक्के उरते. पायऱ्या परस्परांपासून स्वतंत्र मानून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात एजंट कधी स्वतःची चूक सुधारतो, कधी तिच्यावर मजले चढवतो. पण यातले काय घडते हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणे हीच तर मागणी आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावी लागते. सॉफ्टवेअर एजंटांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कसोटी, २०२३ ची एसडब्ल्यूई-बेंच, पायथॉनच्या १२ खुल्या प्रकल्पांतील २,२९४ प्रत्यक्ष समस्यांवर उभारली गेली. त्यांत खगोलशास्त्रज्ञांचे ॲस्ट्रोपाय आहे, बैजिक गणिताचे सिमपाय आहे. सुरुवातीला सर्वोत्तम मॉडेलला त्यांतल्या २ टक्केही सुटल्या नाहीत. ही कसोटी शक्य कशी झाली? त्या प्रकल्पांत प्रत्येक दोष सार्वजनिकरीत्या नोंदवलेला होता, प्रत्येक दुरुस्तीसोबत चाचणी लिहिलेली होती, म्हणून एजंटचे उत्तर बरोबर की चूक हे आपोआप ठरवता आले. इतके असूनही २०२४ मध्ये माणसांनी त्यातला नमुना तपासला तेव्हा निम्म्याहून अधिक समस्या अस्पष्ट मांडणीमुळे वा अन्यायकारक चाचण्यांमुळे गाळाव्या लागल्या, आणि ५०० समस्यांचा पडताळलेला संच निराळा काढावा लागला. आता भारतीय संस्थांमधल्या साधनांकडे वळून पाहावे. जिथे चाचण्याच नाहीत, दोषांची नोंदवही नाही, आवृत्तीचा क्रमांक फाइलच्या नावात 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरोखर-अंतिम' असा वाढत जातो, तिथे एजंटचे मूल्यमापन वाईट येईल ही भीतीच अनाठायी आहे. तिथे मूल्यमापन होऊच शकत नाही.

बरे, मूल्यमापन म्हणजे केवळ 'योग्य साधन निवडले का' एवढेच नव्हे. ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो विचारल्यावर काय होते, ही त्याहून कठोर परीक्षा आहे. ॲस्ट्रोसॅटची २०१४ मधील निरीक्षणे मागितली तर योग्य उत्तर 'नाहीत' हे आहे. साधनाने अशा वेळी रिकामी यादी परत केली तर एजंटला तिचे तीन अर्थ लागू शकतात: निरीक्षण नाही, परवानगी नाही, सर्व्हर बंद आहे. चुकीचा संदेश नीट लिहिणे, हे म्हणून वर्णनाइतकेच महत्त्वाचे. प्रिन्स्टनमधील संशोधकांच्या २०२४ मधील एसडब्ल्यूई-एजंट या कामाने दाखवले की मॉडेल तेच ठेवून केवळ साधनांची मांडणी एजंटला साजेशी केली, तरी अधिक समस्या सुटतात. नव्या मॉडेलची वाट पाहत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. साधनाचे वर्णन एजंट आदेशासारखे वाचतो, त्यामुळे वर्णनात दडवलेली सूचनाही तो पाळू शकतो; 'टूल पॉयझनिंग' या नावाने २०२५ मध्ये ही पळवाट उघड झाली. एमसीपीत 'हे साधन केवळ वाचते' किंवा 'हे साधन काही नष्ट करू शकते' अशा खुणा करण्याची सोय आहे, पण त्या केवळ सूचक आहेत, त्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवू नये, असे प्रमाणपत्रकच बजावते. सामायिक सुपरकॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या फाइली पुसू शकणारे साधन एजंटला देण्याआधी या दोन वाक्यांचा अर्थ व्यवस्थापकांनी समजून घ्यावा.

या साऱ्यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला: मॉडेल आता इतकी हुशार आहेत की ती मूळ कोड वाचून सगळे समजून घेतील. कोड वाचून साधन काय करते हे कळते. त्याने काय करायला हवे होते, हे कळत नाही. पर्जन्यदिवस साडेआठला संपतो हे कोणत्याही कोडमध्ये नाही; ते निरीक्षकाच्या दिनक्रमात आहे. दुसरा आक्षेप: माणसेही चुकतात. चुकतात, पण सावकाश चुकतात, आणि चुकताना त्यांना कंटाळा येतो, शंका येते. एजंट एका रात्रीत तीच चूक तीनशे जिल्ह्यांसाठी करील आणि तीनशे तक्ते सुबक मांडून देईल. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: वेळ कोणाला आहे? पदोन्नतीत शोधनिबंध मोजतात, पुस्तिका मोजत नाहीत. हे अगदी खरे आहे. पण हा निसर्गनियम नाही, हा समित्यांचा निर्णय आहे, आणि समित्यांचे निर्णय बदलता येतात.

केवळ लिहून भागत नाही, याची साक्ष मंगळावर आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले, कारण जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने आवेग न्यूटन-सेकंदांऐवजी पौंड-सेकंदांत दिला आणि ४.४५ पटीचा फरक महिनोन्महिने साचत गेला. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तपशीलपत्रकात मेट्रिक एकके स्पष्ट लिहिलेली होती. लेखन होते; साधन त्या लेखनाप्रमाणे वागते का, हे आरंभापासून अंतापर्यंत कोणी तपासले नाही. लेखन आणि मूल्यमापन यांतले एकच निवडण्याची सोय नाही, ती अशी.

म्हणून मागणी मोघम ठेवण्यात अर्थ नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने, सॉफ्टवेअर निर्माण करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात लेखन व चाचण्यांसाठी निधीचा स्वतंत्र, दुसरीकडे न वळवता येणारा वाटा ठेवावा. एजंटसाठी खुल्या केलेल्या प्रत्येक साधनासोबत त्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी लिहिलेला प्रश्नसंच असावा. त्यात उत्तर नसलेले प्रश्नही असावेत. निकाल अनेक खेपांचा, विखुरणीसह, मॉडेलचे नाव व तारीख देऊन जाहीर व्हावा, आणि काही प्रश्न गुप्त ठेवावेत, नाहीतर पुढचे मॉडेल उत्तरे पाठ करून येईल. तराजूला एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र लागते आणि त्यावर अनिश्चितता लिहिलेली असते. तराजूहून कितीतरी अधिक निष्कर्ष ज्यातून बाहेर पडणार आहेत, त्या साधनाला यातून सूट कशासाठी?

आणि हे काम अवाढव्यही नाही. पावसाच्या त्या साधनाचे वर्णन असे लिहिता आले असते: 'दिलेल्या तारखेच्या सकाळी भारतीय वेळेनुसार साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. एखाद्या दिवशी दुपारी पडलेला पाऊस हवा असल्यास त्याच्या पुढची तारीख द्यावी. उणे ९९९ म्हणजे नोंद नाही. तो आकडा सरासरीत धरू नये. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्या उपग्रह मालिकांशी थेट तुलना करू नये.' पाच वाक्ये. ती लिहायला एक दुपार पुरते आणि त्या नोंदींची खोड जाणणारी एक व्यक्ती लागते. अशी व्यक्ती बहुतेक संस्थांत असते. ती अनेकदा प्रकल्प सहयोगी असते, आणि तिचा करार ३१ मार्चला संपतो.